काठावरचा माल

अण्णांच्या अंगाला कांद्याचा वास यायचा. आंघोळ केली तरी यायचा, दिवाळीला उटणं लावलं तरी उटण्याच्या खालून यायचा. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आधी तो वास शिरायचा, मग दारात चपला काढल्याचा आवाज, मग अण्णा. आईला तो वास कळेनासा झाला होता. मला मात्र तो लपवावासा वाटायचा. वर्गातली कुणी मैत्रीण घरी येणार असली की मी भरदुपारी उदबत्ती लावायचे आणि आई विचारायची, "आज कोणता वार गं?" अण्णा विंचूरच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे खरेदीवर होते. सकाळच्या एसटीनं जायचे, ट्रॅक्टरांच्या रांगेतून फिरायचे, कांदा उचलून अंगठ्यानं दाबून बघायचे आणि मालकाच्या वतीनं बोली लावायचे. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते जेवतानासुद्धा सांगायचे: तोंडातून गेलेली बोली गिळायची नाय. ओल्या मालाला चुकून जास्त बोलून बसले तर मालकाच्या शिव्या खायचे, पण शेतकऱ्याला दिलेला भाव फिरवायचे नाहीत. त्यामुळे मालक वैतागलेला असायचा आणि शेतकरी त्यांना लांबून हात करायचे. संध्याकाळी पाच-सव्वापाचला ते घरी परतायचे, तेव्हा अंबडच्या कारखान्यांची पाळी सुटलेली असायची आणि गल्लीतून मोटारसायकलींचा लोंढा चाललेला असायचा. आई साड्यांना फॉल-पिको करायची. तिच्या मशीनचा आवाज, बाहेरच्या गाड्या आणि गॅसवरच्या चहाची उकळी, हे सगळं मिळून मला अजून संध्याकाळ म्हणजे काय ते कळतं.

मी अकरावीत गेले तेव्हा घरात कॉम्प्युटर आला. बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातला, जुनाच. त्याचा पंखा असा घरघरायचा की तो आणि आईचं मशीन एकदम सुरू झाले की अण्णा म्हणायचे, "गिरणी टाकली का काय घरात?" अभ्यासासाठी म्हणून आणला होता, आणि मी त्याच्यावर अभ्यास सोडून सगळं करायचे. त्यातच मला एक खेळ सापडला. मारामारी नाही, गाड्यांच्या शर्यती नाहीत. एक मोठा नकाशा, त्यात डोंगर, वाळवंट आणि सहा गावं. एका गावात मीठ व्हायचं, दुसऱ्यात कापड, तिसऱ्यात द्राक्षांची दारू. बैलगाड्या घ्यायच्या, स्वस्त असेल तिथं भरायचं, महाग असेल तिथं नेऊन विकायचं. इतका साधा खेळ, आणि मला तो इतका वाईट यायचा की माझ्या गाड्या कायम रिकाम्या फिरायच्या. एक दिवस अण्णा हातात कपबशी घेऊन माझ्या मागे उभे होते. बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अगं प्राजू, मीठ तिकडं कुठं नेती? तिकडं आत्ताच दोघांनी उतरवलंय. बसलंय ते मार्केट."

"तुम्हाला काय कळतंय अण्णा, गेम आहे हा."

"बाजार हाय तो," अण्णा म्हणाले. "सरक जरा."

मी सरकले ती सरकलेच. तिथून पुढे त्या खुर्चीवर संध्याकाळी अण्णा बसायचे आणि मी शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर. खेळातल्या गावांची नावं परकी आणि इंग्रजीत, ती त्यांच्या तोंडात बसेनात. मग त्यांनी बारसं केलं. रस्ते फुटतात ते गाव मनमाड झालं, द्राक्षांचं निफाड, मिठाचं विंचूर. उरलेल्या दोघांनाही काही ना काही नाव मिळालं, पण एक गाव नकाशाच्या टोकाला होतं, समुद्रावर. तिथं काही पिकत नव्हतं, कुणी काही घेतही नव्हतं. "आपल्याकडं कुठं समुद्र हाय?" असं म्हणून अण्णांनी त्याला नुसतं 'काठ' म्हणायला सुरुवात केली. आई चहात साखर ढवळत म्हणायची, "दिवसभर बाजार करून जीव भरत नाय का हो तुमचा?" अण्णा म्हणायचे, "हितं मालक नाय ना." बाजारात आयुष्य गेलेला हा माणूस स्वतःसाठी पहिल्यांदाच खरेदी करत होता, हे मला तेव्हा उमगलं नाही. आता माझ्या चष्म्याचा नंबर त्यांच्या नंबराच्या पुढे गेलाय, आता थोडं थोडं दिसतं.

खेळ विकणारं दुकान कॉम्प्युटरमध्येच असायचं. खातं अण्णांच्या नावानं काढलेलं होतं, कारण मला अजून अठरा पुरी व्हायची होती. एकदा कुठंतरी वाचून मी त्यांना सहज सांगितलं की या दुकानात प्रत्येक देशाला वेगळा भाव असतो. अमेरिकेत जो खेळ भारीतल्या साडीच्या किमतीला, तोच आपल्याकडे साध्या साडीच्या. मला वाटलं होतं, अण्णा तोंडात बोटं घालतील. त्यांना काहीच वाटलं नाही.

"त्यात काय? आपला कांदा विंचूरला एका भावानं, मुंबईला दुसऱ्या. कलकत्त्याला तिसऱ्याच."

"पण अण्णा, इथं काही न्यावंच लागत नाही. ट्रक नाही, डिझेल नाही, हमाल नाही. तीच वस्तू, जागच्या जागी."

आता मात्र त्यांनी कप खाली ठेवला. "हमाली नाय, तोलाई नाय, वाटंत सडायचं नाय, मग भाव येगळा कशापायी?"

"तिथल्या लोकांची ऐपत बघून लावतात."

अण्णांनी मान तिरकी करून पडद्याकडे बघितलं. बाजारात एखादा ढीग वरून चांगला आणि खालून गोल्टी, म्हणजे बारका कांदा निघाला की ते असेच बघत असावेत. मग म्हणाले, "म्हंजे मालाचा भाव नाय तो. माणसाचा भाव हाय." आणि थोड्या वेळानं, अगदी गंभीरपणे, "सगळ्यात स्वस्त माणूस कुठला म्हनली?"

तेव्हा सगळ्यात स्वस्त अर्जेंटिना होता. आमच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतला सलीम हा असल्या गोष्टींतला उस्ताद. त्याच्याकडे पोरं येऊन कुणी तुर्कस्तानचा होऊन जायचा, कुणी ब्राझीलचा. त्यानं काहीबाही बटणं दाबली, दूरच्या देशातला पत्ता टाकला आणि म्हणाला, "लो अण्णा, आजपासून तुम्ही अर्जेंटिनाचे. पैसे भरायचे कोड मी आणून देत जाईन, कार्ड वापरू नका म्हणजे झालं." त्या दिवशी घरी पेढे आले. आईनं पेढा तोंडात टाकला आणि पिशवी पुढे केली, "अहो अर्जेंटिना, तेवढं दळण आणा." पुढे कित्येक दिवस आमच्याकडे तेच चाललं. अण्णांना यायला उशीर झाला की आई म्हणायची, आज विमान लेट दिसतंय.

मी दुकानाचे नियम वाचले होते. एका देशाचा भाव हा त्या देशात राहणाऱ्यांसाठीच, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी अण्णांना तसं म्हणाले. सतरा वर्षांची होते, त्या वयात आईबापांना नियम वाचून दाखवण्यासारखं सुख नसतं. "आपण काय चोरी करतोय का?" ते म्हणाले. "पैसे देऊनच घेतोय." मी म्हटलं, पण तुम्ही खोटं सांगितलंय की तिथं राहतो म्हणून. ते म्हणाले, "गेममधी काय खरं नि काय खोटं." ज्या माणसानं ओल्या कांद्याचा भावसुद्धा फिरवला नाही, त्याचं हे उत्तर मला तेव्हाही लंगडं वाटलं होतं. पुढे वाचनात आलं की असे बाहेरचे इतके लोक अर्जेंटिनाचे होऊन बसले की दुकानानं तिथला भावच डॉलरवर नेला, आणि तिथं खरोखर राहणाऱ्या पोरांना तेच खेळ परवडेनासे झाले. म्हणजे तिथल्या कुण्या प्राजूच्या कुण्या अण्णांची खुर्ची आम्ही काढून घेतली. हे अण्णांना कळलं असतं तर ते चार दिवस जेवले नसते. त्यांना कळलं नाही.

त्या खेळाला एक जोड मिळायची, वेगळी विकत घ्यायची. ती घेतली की काठाला बंदर व्हायचं, जहाजं मिळायची आणि समुद्रापलीकडची नवी गावं उघडायची. अण्णांचा जीव त्या बंदरात अडकला. ती जोड महाग नव्हती. अर्जेंटिनाच्या भावानं तर नव्हतीच, सलीमचा एक कोड पुरला असता. पण पहिल्या भावाला माल उचलायचा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं बाजारात नाक कापून घेणं. दुकानात आवडीच्या वस्तूंची यादी करून ठेवता येते, भाव उतरला की ते पत्र पाठवतात. अण्णांनी मला त्या यादीत बंदर टाकायला लावलं आणि रोज विचारायचे, "उतरलं का?" मी म्हणायचे, घ्या ना आता, किती कंजूषपणा. "कंजूष नाय गं. उतरंल ते. घाई केली तो बुडला." तोवर ते रिकामे बसले नाहीत. एकेक करून गाड्या भरायच्या आणि काठावर नेऊन उभ्या करायच्या. मीठ, कापड, दारू. काठावर घेणारं कुणी नाही, गाड्या नुसत्या उभ्या. मला ते वेडेपणाचं वाटायचं. "बंदर उघडंल तवा सगळे पळतील माल आणाया," ते म्हणाले. "आपला दारात पाहिजे. एवढं ध्यानात ठेव."

फोन आला तेव्हा मी केमिस्ट्रीच्या क्लासला होते. अण्णा रांगेतल्या एका ट्रॅक्टरपाशी उभे होते, हातात कांदा होता, आणि खाली बसले. एवढंच. त्यांना उचलून दवाखान्यात नेलं तोवर काही उरलं नव्हतं. मी घरी आले, तिथं माणसं होती, आईला बायकांनी धरलं होतं, आणि मला काही वाटलं नाही. हे लिहिताना सुधारून लिहावं असं मनात येतं, पण नाही वाटलं. कुणीतरी मला पाणी दिलं ते मी प्यायले. पेला विसळून जागेवर ठेवला. त्यांना आणलं तेव्हा अंगाला कांद्याचा वास येत होता, आणि मला आपोआप उदबत्ती शोधावीशी वाटली. मग लक्षात आलं की उशापाशी ती आधीच लावलेली आहे. लोक म्हणत होते, पोरीनं धीर धरलाय. धीरबीर काही नव्हता. गाल सुन्न झाल्यावर दात काढतात तसं होतं ते, काहीतरी चाललंय एवढं कळत होतं.

दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. निफाडहून माझे काका, अण्णांचे थोरले भाऊ आले होते. त्यांच्या मुलानं विधी केले. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते, कठड्यावर चांगले आठ-दहा होते, पण एक शिवेना. माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही म्हणतात, म्हणून जवळच्यांनी एकेक करून शब्द द्यायचा असतो. काका हात जोडून पुढे झाले. "प्राजूचं शिक्षन मी पुरं करीन रे. काळजी करू नको." कावळे बसून राहिले. आई म्हणाली, "मी नीट ऱ्हाईन. जा तुमी." काही नाही. ऊन चढत होतं, भटजी मोबाइल बघत होते, शेजारच्या घोळक्यातला पिंड शिवून झाला होता आणि ती माणसं सुटल्यासारखी चपला शोधत होती. काकांनी गावच्या सोसायटीतल्या अण्णांच्या हिश्श्याचं बोलून बघितलं, मग माझ्या लग्नाचं. मी मागे उभी होते. मला माहीत होतं काय राहिलंय ते. इतक्या माणसांत ते मोठ्यानं कसं म्हणणार? मी ओठांतल्या ओठांत म्हणाले, "अण्णा, बंदर घेईन मी." एक कावळा उडाला, दोन पावलं नाचला आणि त्यानं भाताला चोच लावली. काका म्हणाले, "बघ, लग्नाचं मनात होतं त्याच्या." कावळा भुकेलाही असेल.

त्यानंतरचे महिने मला एकाच रंगाचे आठवतात. मी बारावी झाले, कॉलेजात गेले, डबा खाल्ला. आईनं पिकोचं काम वाढवलं, मशीन आता सकाळीही चालायचं. ती मुगाची खिचडी करायची, कारण ती लवकर होते आणि कुणी चवीबद्दल काही म्हणत नाही. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायचो, एकमेकींना पापड द्यायचो, गॅस संपल्याचं, पाणी न आल्याचं बोलायचो. भांडलोही नाही कधी. कॉम्प्युटरवर आईनं जुन्या साडीचा तुकडा घातला होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोघींचंही लक्ष एकदा दाराकडे जायचं आणि दोघीही ते दुसरीला कळू द्यायचो नाही. घरातला कांद्याचा वास केव्हा गेला ते मला सांगता येणार नाही. एक दिवस नव्हता.

मग ते पत्र आलं. अण्णांच्या नावाचे ईमेल माझ्याच फोनवर यायचे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसले होते, फोन वाजला. दुकानानं अण्णांना नावानिशी कळवलं होतं की तुमच्या यादीतल्या वस्तूचा भाव उतरला आहे. भाव चांगलाच उतरला होता. अण्णा म्हणाले होते तसाच. मी ते पत्र तीन-चारदा वाचलं, मग समोरचा समोसा संपवला आणि घरी गेले. सलीमनं दरम्यान कॅफे बंद केला होता आणि तो मालेगावला गेला होता, म्हणजे कोड मिळायचा नाही. भाव सात दिवसांचाच होता. कार्ड वापरू नका, हे सलीमचं वाक्य मला आठवत होतं, अगदी त्याच्या आवाजात आठवत होतं. पण मी गंगेवर बोलून बसले होते, आणि बोलीबद्दल आमच्या घरात एकच नियम होता. आईच्या पर्समधलं कार्ड घेतलं, आकडे टाकले. पैसे गेले. बंदर आलं.

त्या संध्याकाळी मी साडीचा तुकडा काढून कॉम्प्युटर सुरू केला. पंखा घरघरला आणि आईचं मशीन थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. अण्णांचा खेळ त्यांनी सोडला होता तिथंच उभा होता. काठावर गाड्याच गाड्या. बैल जागच्या जागी माना हलवत होते, घंटा वाजत होत्या. इतके महिने ते तसेच माना हलवत असल्यासारखं मला वाटलं. जिथं नुसती वाळू होती तिथं आता लाकडी धक्का झाला होता आणि धक्क्याला जहाजं लागली होती. बाकी व्यापाऱ्यांच्या गाड्या डोंगराच्या वाटेवर नुकत्याच निघालेल्या दिसत होत्या, पळत होत्या बिचाऱ्या. आमचा माल दारात होता. मी एकेक गाडी जहाजात रिकामी केली, अण्णा भरायचे त्याच क्रमानं, आधी मीठ, मग कापड, मग दारू. पलीकडच्या एका गावाचं नाव निवडलं, परकं, लांबलचक. त्याला काय म्हणावं ते मला सुचलं नाही. जहाजं निघाली. पाण्यावर पांढऱ्या रेषा उमटत गेल्या. पोचायला वेळ लागणार होता, आणि आईनं आतून हाक मारली, "प्राजू, जेवून घे, गार होतंय." मी खेळ होता तसा जपून ठेवला आणि उठले. घाई नव्हती, उद्या उतरवू, असं मला वाटलं.

सकाळी खातं उघडेना. कुलूप. खातं एका देशाचं आणि कार्ड दुसऱ्या देशाचं, तेव्हा मालकानं खुलासा करावा, तोवर सगळं बंद, असं दुकानानं कळवलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. खाली एक फॉर्म होता. पहिलाच प्रश्न: खातेदार सध्या कोणत्या देशात राहतात? आणि उत्तराला जगातल्या देशांची यादी. एक निवडायचा.

मी त्या यादीवरून दोन दिवस खालीवर फिरत होते. सोपं उत्तर होतं. भारत निवडायचं, अण्णा होऊन लिहायचं की मी पूर्वी अर्जेंटिनाला होतो, आता नाशिकला राहायला आलोय, म्हणून कार्ड बदललं. असं लिहून सुटलेली पोरं मला माहीत होती. खरं लिहिलं तर खातं जाणार होतं, कारण नियमात तेही स्वच्छ होतं, खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, वारसाच्याही नाही. अण्णांचं म्हणून आमच्याकडे जे चालतं-बोलतं उरलं होतं ते त्या कुलपाच्या आत होतं, भर समुद्रात. मी खोटं उत्तर लिहूनही काढलं. 'मी आता नाशिकमध्ये राहतो.' इंग्रजीत, अण्णांच्या नावानं, सही केल्यासारखं. ते वाक्य पडद्यावर दिसलं आणि माझं बोट पुढे सरकेना.

तिसऱ्या दिवशी आई दोरा ओवता ओवता म्हणाली, "काय एवढं बघत बसती? काय इचारत्यात ते?"

"अण्णा कुठं राहतात म्हणून विचारतायत."

आईनं सुई खाली ठेवली. मग मला सगळं सांगावं लागलं. कार्ड घेतल्याचं सांगितलं, बंदराचं, गंगेवर ओठांतल्या ओठांत काय म्हणाले तेही सांगितलं.

"अगं बाई," आई म्हणाली. "म्हणून शिवला व्हय तो. मी समजत व्हते, भाऊजींच्या बोलन्यानं शिवला." ती थोडी हसली, मग पदरानं चष्मा पुसला. "तू घेतलं ना पर ते? बोललीस तसं घेतलं ना?"

"घेतलं. पण आता खोटं लिहिलं नाही तर सगळं जाईल आई."

"मग जाईल." तिनं सुई पुन्हा उचलली. "बाजारात जन्मभर खोटं बोलले नाय ते. त्या कॉम्प्युटरवर एकदा बोलले, तेवढं त्यांचं त्यांच्यापाशी. आता मेल्या माणसाच्या तोंडात तू आनखी कशाला घालती? खरं लिही."

मी यादीतून कुठलाच देश निवडला नाही. खाली रिकामी जागा होती तिथं लिहिलं की खातेदार वारले आहेत. मी त्यांची मुलगी. देशाबद्दल त्यांनी खोटं सांगितलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. ते बंदर मी त्यांच्यासाठी घेतलं कारण तसा शब्द दिला होता. कावळ्याचं लिहिलं नाही. परक्या माणसाला कावळा कुठून समजावणार?

उत्तर चार दिवसांनी आलं. सौजन्यानं लिहिलं होतं, कुणातरी माणसानं लिहिलं असावं. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. नियमाप्रमाणे खातं कायमचं बंद करत आहोत. बंदराचे पैसे परत पाठवले आहेत. पैसे आलेही, दोन मिसळींचे होतील एवढे. मी आईला सगळं मराठीत करून सांगितलं. संध्याकाळची वेळ होती, बाहेर कारखान्यांच्या गाड्या चालल्या होत्या. आईनं मशीनवरची साडी बाजूला केली.

"म्हंजे आता उघडायचं नाय ते कधी?"

"नाही."

"आन् त्यांचा माल?"

"जहाजात होता. निघाला होता. पोचला नव्हता."

"उतरला नाय म्हंजे अजून."

"नाही उतरला."

आईनं मशीनचं चाक हातानं एकदा फिरवलं. मग तिनं हिशेबी चेहरा केला, अण्णा करायचे अगदी तसा.

"मग भाव पडायची भीती नाय," ती म्हणाली.

मी हसायला तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते हसू नव्हतं. दहा महिने लागले होते त्याला यायला. मला ते आवरेना आणि आवरावंसंही वाटेना. आईनं मशीन पुन्हा सुरू केलं नाही. कॉम्प्युटर तर बंदच होता. ती उठून आली आणि मी बसले होते त्या अण्णांच्या खुर्चीशेजारच्या डब्यावर, माझ्या जुन्या जागेवर, बसून राहिली.